आलं, लवंग, गूळ

राजाभाऊंच्या मुलाच्या लग्नाचा मुहूर्त पुण्याच्या गुरुजींनी काढला, पण लग्नाला जायचं विमान भालचंद्ररावांनी ठरवलं. कुठल्या दिवशी, कितीचं, कुणाच्या शेजारी कोण, सगळं. राजाभाऊ नवऱ्या मुलाचे वडील असून त्यांना कुणी विचारलं नाही.

भालचंद्रराव केंद्र सरकारच्या नोकरीतून रिटायर झालेले. जन्मात त्यांना पतंगही धड उडवता आला नव्हता. पण मुलगी, क्षिप्रा, एका विमान कंपनीत को-पायलट झाली आणि तेव्हापासून आकाशाचं खातं त्यांच्याकडे आलं. गाझियाबादच्या मराठी मंडळात गणपती असो की कोजागरी, मसाला दुधाचा पेला हातात आला की त्यांच्याभोवती कोंडाळं जमायचं.

"भालचंद्रराव, पायलट व्हायला बारावीला काय घ्यावं लागतं हो?"

"फिजिक्स आणि मॅथ्स. बायो घेतलंत तर विमानात बसाल, चालवणार नाही."

"आणि चष्मा असला तर?"

"चालतो. लाल-हिरवा ओळखता आला की झालं."

"पिऊन वगैरे येतात का हो पायलट?"

यावर भालचंद्रराव दूध बाजूला ठेवायचे. "नाव काढू नका! विमानात चढण्याआधी प्रत्येकाला मशीनमध्ये फुंकर मारावी लागते. कॅमेऱ्यासमोर. काटा शून्याच्या वर जरा हलला की घरी. लायसन्स तीन महिने सस्पेंड. दुसऱ्यांदा सापडला तर तीन वर्षं."

वैजयंतीने, म्हणजे त्यांच्या बायकोने, हे इतक्यांदा ऐकलं होतं की ते बोलत असताना ती ओठ हलवून पुढचं वाक्य म्हणू शकली असती. आरती पाठ असते तसं तिला ते पाठ होतं. आणि आरतीचा अर्थ तरी कोण मनाशी लावत बसतं!

तर महिन्याचं ड्युटीचं वेळापत्रक क्षिप्राच्या फोनवर आलं, त्यात लग्नाच्या आदल्या दिवशीची दिल्ली-पुणे फ्लाइट तिच्या नावावर होती. झालं. भालचंद्ररावांनी मंडळातल्या लग्नाला निघालेल्या सगळ्यांना त्याच विमानाची तिकिटं काढायला लावली. राजाभाऊंच्या बायकोने, चंद्रप्रभावहिनींनी, आजवर विमानात पाय ठेवला नव्हता. त्या रेल्वेने जाणार होत्या. "आपल्या पोरीच्या हातात विमान आहे वहिनी, घाबरता कशाला?" असं म्हणून त्यांनाही पटवलं.

एवढ्यावर थांबते तर ते भालचंद्रराव कसले! विमानात क्षिप्राने मराठीत दोन शब्द बोलायचे, असं ठरलं, आणि ते दोन शब्द त्यांनी स्वतः लिहून दिले. ती सोफ्यावर लोळत वाचू लागली.

"'वातावरणातील प्रक्षोभामुळे विमानास हिसके बसण्याची शक्यता...' बाबा, प्रक्षोभ म्हणजे?"

"टर्ब्युलन्स."

"मग टर्ब्युलन्स म्हणू दे ना, यार. प्रक्षोभ ऐकून लोकांना वाटेल मागच्या सीटवर दंगा झालाय."

"यार काय, यार! बापाशी बोलतेयस."

"अच्छा, सॉरी. आई, तू सांग ना यांना."

वैजयंती स्वयंपाकघरातून हसली. दिल्लीत वाढलेली पोर. तिच्या मराठीत पाहुणे जास्त आणि घरचे शब्द कमी. पण ही पोर पुढच्या महिन्यात कॅप्टनच्या ट्रेनिंगला बसणार होती. निवड झाली होती, तारीख आली होती. उजवीकडच्या खुर्चीतून डावीकडच्या खुर्चीत. मधे हातभर जागा, पण ती ओलांडायला तिची सगळी पंचविशी गेली होती. हे लग्न एकदा पार पडलं की त्या ट्रेनिंगचे पेढे वाटायचे, असं वैजयंतीच्या मनात होतं. सांगितलं मात्र कुणालाच नव्हतं, दृष्ट लागते म्हणून.

दिल्लीला नोव्हेंबरमध्ये दृष्ट लागायला माणूस लागत नाही, हवा पुरते. दिवाळीनंतर आभाळ राखेच्या रंगाचं झालं, सूर्य नुसता डागासारखा दिसू लागला आणि सोसायटीतल्या प्रत्येक घरातून खोकल्याचे आवाज येऊ लागले. क्षिप्राचं नाक चोंदलं. खोकला छातीत उतरला. फ्लाइटच्या दिवशी सकाळी ती उठली ती कान दाबतच.

"आई, मी सिक कॉल करते. कान बंद झालाय. सर्दीत वर गेलं की खाली उतरताना कान फाटल्यासारखा दुखतो. अनफिट असलं की सांगायचं असतं."

भालचंद्रराव दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून बाहेर आले. "आजच? अगं, सगळे तुझ्यासाठी येतायत. चंद्रप्रभावहिनींना काय सांगू मी?"

"बाबा, मला बरं नाहीये."

"खोकलाच आहे ना. सगळ्या दिल्लीला आहे. आजचा दिवस काढ. मग घे हवी तेवढी सुट्टी."

क्षिप्राने आईकडे बघितलं. इथे वैजयंतीने "राहू दे, नको जाऊस" म्हटलं असतं तर ती गेली नसती, हे तिघांनाही माहीत होतं. वैजयंती म्हणाली, "वाफ घे. मी काहीतरी गरम करून देते."

"काहीतरी म्हणजे काय? सिरप नको हं. होमिओपॅथीच्या गोळ्या नकोत. बाटलीतलं काहीच नको."

"बाई, किती वेळा सांगशील! माहितीये मला."

सिरप तिने दिलंच नाही. शब्दाची पक्की ती. तिने आलं किसलं, लवंगा ठेचल्या, गूळ घातला, पाणी उकळलं. खोकल्याची उबळ पुन्हा बाथरूममधून ऐकू आली, भांड्यावर पळी आपटावी तशी. वैजयंतीचा हात आपसूक वरच्या कपाटाकडे गेला. देवघराला लागून असलेलं कपाट. त्यात गोमूत्र अर्क, भीमसेनी कापूर, बाळघुटीच्या मुळ्या, आणि द्राक्षं आंबवून केलेलं द्राक्षासव. क्षिप्रा शाळेत असताना दर थंडीला चमचा चमचा द्राक्षासव पिऊन वाढली होती. तेव्हा मिटक्या मारायची, आणखी मागायची. या घरात कुणी बिअरच्या बाटलीला हातही लावलेला नव्हता. भालचंद्ररावांच्या ऑफिसच्या पार्ट्यांतसुद्धा हे कुटुंब लिंबूपाणी पिऊन परत यायचं. दारू म्हणजे वैजयंतीच्या लेखी लोकांच्या घरातली, वर्तमानपत्रात गुंडाळून आणायची वस्तू. आणि हे तर वैद्यांच्या दुकानातलं. द्राक्षांचं. ते 'बाटलीतलं' कसं असेल!

असेल, असं कुठेतरी वाटलंही असावं तिला. नाहीतर बाटलीचं बूच उघडताना तिने दाराकडे वळून बघितलं नसतं. नाव घेतलं तर पोरगी पिणार नाही, आणि पिणार नाही तर खोकला थांबणार नाही. एवढा साधा हिशोब. अर्धी वाटी ओतलं. मग हात सढळ केला आणि आणखी थोडं ओतलं.

क्षिप्रा युनिफॉर्ममध्ये आली. पांढरा शर्ट, खांद्यावर पट्टे, केस मागे घट्ट बांधलेले, नाक लाल. फ्लास्क हातात घेऊन तिने झाकण उघडलं, हुंगलं. नाकाला काय कळतंय त्या दिवशी!

"काय घातलंयस?"

"आलं, लवंग, गूळ."

"बस?"

"आणि काय घालू, हिरे-माणकं? पी गपगुमान. गाडीत संपव सगळं."

"ओके," ती म्हणाली, आणि आईच्या गालाला गाल लावून गेली.

कंपनीची गाडी अक्षरधामच्या पुढे गर्दीत अडकली. गाडीतून तिने मेसेज केला, 'मस्त आहे काढा. घसा सुटला.' वैजयंतीने तो नवऱ्याला वाचून दाखवला. "बघा. उगाच सिक कॉल करत होती."

विमानात बसल्या बसल्या भालचंद्ररावांनी फोन काढून रेकॉर्डिंगची तयारी केली. मंडळाची माणसं पुढे-मागे विखुरलेली. चंद्रप्रभावहिनी वैजयंतीच्या शेजारी, पट्टा एवढा घट्ट आवळलेला की पैठणीला चुण्या पडल्या होत्या.

"भावोजी, समजा मधेच इंजिन बंद पडलं तर?"

"दुसरं असतं."

"तेही पडलं तर?"

"तरी दगडासारखं खाली येत नाही वहिनी. तरंगत तरंगत येतं. सगळ्याला उत्तर ठरलेलं असतं यांच्याकडे. एक सांगतो, दोन्ही पायलटांना जेवणसुद्धा एकसारखं देत नाहीत. न जाणो, एकाच्या अन्नात काही निघालं तर दुसरा तरी शाबूत राहावा. इतकी काळजी!"

"बाई गं," वहिनी म्हणाल्या. "आपण तर एका पातेल्यातलं सगळ्यांना वाढतो."

एवढ्यात हवाई सुंदरी आली. भालचंद्ररावांनी तिला थांबवलं. "बेटा, को-पायलट मेरी बेटी है. क्षिप्रा. उसको बोलो मम्मी-पापा बैठ गए हैं."

त्या मुलीचं हसू जागच्या जागी राहिलं, डोळे तेवढे बदलले. वैजयंतीला ते दिसलं, कारण ती बायकांचे चेहरे बघते. भालचंद्रराव घोषणांचा स्पीकर बघत होते.

"सर, आज थोड़ा क्रू चेंज हुआ है," म्हणून ती पुढे निघून गेली.

"चेंज म्हणजे?" राजाभाऊ मागच्या सीटवरून पुढे झुकले. "काय भालचंद्रराव, आमची पायलट पळवली की काय कुणी?"

तेवढ्यात वैजयंतीच्या मांडीवरचा फोन थरथरला. क्षिप्रा. मराठी, पण इंग्रजी अक्षरांत, नेहमीसारखं.

'आई, फ्लास्कमध्ये काय होतं?'

तिने टाइप केलं, 'आलं लवंग गूळ.' पाठवायच्या आत दुसरा आला.

'खरं सांग. दोनदा फुंकलं. दोन्ही वेळा पॉझिटिव्ह.'

वैजयंतीच्या कानात एकदम तो पाठ झालेला पाठ सुरू झाला. काटा शून्याच्या वर जरा हलला की घरी. नवऱ्याच्याच आवाजात, शब्द न् शब्द. आणि पहिल्यांदा त्याचा अर्थ लागला. तिने लिहिलेलं पुसलं.

'द्राक्षासव. थोडंसं.'

दोन्ही टिक निळ्या झाल्या. पुढे काही आलं नाही. 'क्षिपू' एवढं लिहिलं, तेही निळं झालं. मग हवाई सुंदरीने येऊन फोन बंद करायला सांगितलं, आणि स्पीकरवर एका मुलाचा आवाज आला. तो म्हणाला, मी तुमचा को-पायलट अंशुमन, हवा साफ आहे, पुण्याला वेळेवर पोचू. हिंदीत, मग इंग्रजीत. भालचंद्ररावांचा फोन ते सगळं रेकॉर्ड करत राहिला. बंद करायचं त्यांना सुचलं नाही.

"ऐनवेळी दुसऱ्या फ्लाइटवर पाठवलं असेल," ते मागे वळून म्हणाले. "देशात पायलटांची टंचाई आहे ना."

विमान मधे बरंच हललं. चंद्रप्रभावहिनींनी वैजयंतीचा हात धरला, बांगड्या रुतल्या. "पडतंय का हो?" "छे, रस्त्यात खड्डे लागतात तसं," भालचंद्रराव म्हणाले. विमान हललं की वैजयंती नेहमी रामरक्षा म्हणायची. त्या दिवशी तिला ते हललेलं वहिनींच्या हातावरून कळलं.

पुण्याच्या विमानतळावर, बॅगांच्या पट्ट्यापाशी, तिने नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं. त्यांची बॅग समोरून दोनदा गेली.

"तुला माहीत नव्हतं?" ते म्हणाले. "मी मंडळात शंभरदा सांगितलंय."

"मंडळाला सांगत होतात," वैजयंती म्हणाली.

लग्न लागलं. अक्षता टाकल्या, जिलब्या खाल्ल्या. क्षिप्राने फोन उचलला नाही, फक्त 'घरी आहे, ठीक आहे' असा मेसेज केला. विचारणाऱ्या प्रत्येकाला भालचंद्रराव पायलटांची टंचाई सांगत होते.

परत आले तेव्हा क्षिप्रा सोफ्यावर बसली होती. समोर तो फ्लास्क, धुऊन उपडा घातलेला. खोकला गेला होता. वैजयंतीच्या मनात आधी तेच आलं, आणि मग तिला स्वतःचीच शरम वाटली.

"मी येते तुझ्या ऑफिसात," ती म्हणाली. "सांगते साहेबांना. माझी चूक आहे, मला शिक्षा करा म्हणते."

"काय सांगशील? 'माझ्या मम्मीने दिलं'? आई, सगळे काहीतरी सांगतातच. माउथवॉश होता, होमिओपॅथी होती, चॉकलेटमध्ये रम होती. मी स्वतः हसलेय असल्यांना." तिने फ्लास्क सरळ केला, पुन्हा उपडा केला. "नियमाला कारण लागत नाही. माझ्या तोंडात काय गेलं ते माझं काम. तीन महिने सस्पेंड. आणि कॅप्टनच्या लिस्टमधून कंपनीने नाव काढलंय."

"ट्रेनिंग?"

"पुन्हा केव्हा घेतील ते बघू म्हणाले. मी गेले नाही तर माझ्या जागी दुसरी कुणी गेली ना. जागा माझ्यासाठी थांबणार आहे का?"

भालचंद्रराव उभेच होते. "आपण अपील करू. कायद्यात..."

"बाबा, प्लीज. तुम्ही नका सांगू आता काही."

ते आत गेले. दार हळूच लोटलं.

"मुद्दाम केलं का गं मी?" वैजयंती रडत म्हणाली. "लहानपणापासून पीत आलीयस तू ते."

"मी विचारलं होतं." क्षिप्राचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "कॉकपिटमध्ये ना आई, एक वाचतो आणि दुसरा बघून उत्तर देतो. दुसरा 'चेक्ड' म्हणाला की पहिला पुन्हा वाकून बघत नाही. बघत बसला तर विमान कधी उडणारच नाही. मी विचारलं, काय घातलंयस. परत विचारलं, बस? तू चेक्ड म्हणालीस."

वैजयंतीने फ्लास्क उचलून ओट्यावर नेऊन ठेवला.

बातमी मंडळात पोचायला वेळ लागला नाही. कुणाचा तरी भाचा विमानतळावर होता. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वैजयंती हॉलमध्ये शिरली आणि तिळगूळ वाटणारे हात क्षणभर थांबले.

"ये गं, ये," चंद्रप्रभावहिनी प्रेमाने म्हणाल्या. ते प्रेमच जास्त लागलं. "मनाला लावून घेऊ नकोस. नोकरीत ताण असतो मुलींना. एखाद्या वेळी घेतात हो. आमचा नाही का पुण्याचा व्याही!"

वैजयंतीने हातातलं वाण खाली ठेवलं. "तिने घेतली नव्हती. मी दिलं. तिला न सांगता द्राक्षासव घातलं होतं मी काढ्यात."

मग कुणीतरी म्हणालं, "द्राक्षासव?"

"हो."

"अगं, ते तर माझ्या सासूबाई रोज घ्यायच्या. एकादशीलासुद्धा."

"माझ्या नातवाला देते मी. त्याने कुठे काही होतं!"

"राहू दे गं, तिला कशाला छेडता," चंद्रप्रभावहिनींनी वैजयंतीच्या पाठीवर हात ठेवला. "आई आहे ती. आई पांघरूण घालणारच."

तिने पुन्हा एकदा सांगून बघितलं, आवाज चढवून. जितकं जोराने सांगावं तितक्या त्यांच्या माना कणवेने हलत होत्या. खोटं तिने एकदाच सांगितलं होतं, तीन शब्दांचं, आणि ते लगेच खपलं होतं. खऱ्याला मात्र त्या हॉलमध्ये गिऱ्हाईक नव्हतं. तिळगूळ घेऊन ती घरी आली.

भालचंद्ररावांनी मंडळात जाणं सोडलं. सोसायटीतल्या बाकावरही बसेनासे झाले. कधी वरून विमान गेलं तर खिडकीशी येत, पण कुठलं, कुठे चाललंय, हे सांगत नसत.

सस्पेन्शन संपायच्या आधीच क्षिप्राने द्वारकेत एका मैत्रिणीबरोबर खोली घेतली. विमानतळ जवळ पडतो, असं सांगितलं. खरंच जवळ पडतो. ड्युटी सुरू झाली, उजवीकडच्याच खुर्चीत. मार्चमध्ये एका दुपारी ती उन्हाळी कपडे न्यायला आली. तिथून पुढे थेट फ्लाइटला जायचं होतं. खांद्यावर तेच पट्टे, तेवढेच. ऊन चढलं होतं, लिफ्ट बंद होती, ती जिने चढून आली होती. कानशिलावर घाम.

वैजयंतीने माठातलं पाणी आणलं. स्टीलच्या पेल्यात, बाहेरून दव धरलेलं. पोर आली की आधी पाणी, मग गोष्टी. या घरात हे कधी ठरवावं लागलं नव्हतं.

क्षिप्राने पेल्याकडे बघितलं. मग बॅगेतून प्लास्टिकची सीलबंद बाटली काढली.

"राग नाहीये, आई," ती म्हणाली. "खरंच नाही. कुणाकडेच घेत नाही मी आता ड्युटीच्या आधी. सवय लावून घेतलीय."

"साधं पाणी आहे गं."

"माहितीये."

वैजयंती पेला धरून तशीच उभी राहिली. मग तिने तो तोंडाला लावला आणि लेकीच्या देखत सगळा प्यायली. शेवटच्या थेंबापर्यंत. रिकामा पेला टेबलावर ठेवला आणि पदराने ओठ पुसले.

क्षिप्रा बघत होती. आईचं पिऊन होईपर्यंत ती थांबली. मग तिने नजर खाली घेतली आणि हातातल्या बाटलीचं झाकण फिरवलं. सील तुटल्याचा आवाज झाला.